उकडीचा हिमालय

माझ्या निरोप समारंभात एका विद्यार्थिनीने माईकवर विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळी मुली दगडधोंड्यांच्या मागे लागत नसत. भूगर्भशास्त्राची प्रेरणा तुम्हाला कुणाकडून मिळाली?" सगळ्यांना वाटलं मी वडिलांचं नाव घेईन. वडील भूगोलाचे मास्तर, तेव्हा ते शोभूनही दिसलं असतं. मी म्हटलं, "प्रेरणा कसली बाई, जळफळाट!" सभागृह हसलं, प्राचार्य हसले, मला शाल मिळाली, नारळ मिळाला. पण मी विनोद केलेलाच नव्हता. जळफळाटच होता तो, आणि असा होता की त्याच्यावर घरादाराच्या भाकऱ्या शेकून निघाल्या असत्या. जिच्यामुळे तो झाला ती माझी चुलत बहीण नीलम आज पुण्यात सुखाने नांदते आहे. रोज सकाळी मला फुलांचे फोटो पाठवते. माझे गुडघे कधीच गेले, तिचे अजून शाबूत आहेत, आणि याचासुद्धा मला राग येतो.

आम्ही मूळचे ओवे गावचे. खारघरच्या डोंगराखाली आमची भातखाचरं होती. आता तिथे इमारती आहेत आणि माझ्या चुलत्यांची नातवंडं लिफ्टने घरी जातात. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पनवेलच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची नोकरी लागली तेव्हा आईने ओव्याची चूल मोडून पनवेलला मांडली. पुढे ओटा, मध्ये दोन खोल्या, मागे परस. सकाळी उरणकडची कोळीण टोपली डोक्यावर घेऊन गल्लीत शिरली की तिची हाक आधी यायची आणि वास नंतर. मग आईची नि तिची ठरलेली भांडाभांडी, मग पाट्यावर वाटणाचा आवाज, आणि दुपारी कुठल्यातरी खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरच्या पितळेच्या वाट्या एकमेकींवर किणकिणायच्या. आता डोक्यावरून विमानं जातात आणि माझ्या काचेच्या खिडक्या थरथरतात. पण वाट्यांच्या किणकिणण्याला जी मजा होती ती त्या थरथरीला नाही.

परसातून पूर्वेला माथेरानची रांग नि प्रबळगड दिसायचा आणि दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. संध्याकाळी शाळेतून आले की दादा परसात चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि माझी परीक्षा सुरू व्हायची. भुवया वर, दोन बोटांत खडू धरल्यासारखा हात. "भारती, सांग, प्रबळगडाला पायऱ्या का दिसतात?" मी घडाघडा सांगायची: लाव्हा एकदा आला, थंड झाला, पुन्हा आला, पुन्हा थंड झाला, एकावर एक थर बसले. "आणि मधला तांबडा पट्टा?" ती मधल्या काळातली माती, वरून नवा लाव्हा आला तेव्हा भाजून निघाली. "शाब्बास." तो एक 'शाब्बास' मिळाला की मला रात्रीच्या जेवणात कालवण नसलं तरी चालायचं. दादांना सगळं येतं, हे मी गल्लीत, शाळेत, ओव्याला, जिथे जाईन तिथे सांगत असे. ते फळ्याकडे न बघता हिमालय काढायचे. मागे हात, वर्गाकडे तोंड, आणि पाठीमागे खडू एकेक लाट काढत चाललेला. वरच्या वर्गातली मुलं खिडकीतून ते बघायला यायची. तास संपल्यावर फळा पुसायचा मान माझा. डस्टर कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी ते दप्तरात घेऊन फिरायची.

त्या वर्षी दिवाळीत दादांनी घरी बातमी आणली. मे महिन्यात शिक्षकांची अभ्याससहल हिमालयात जाणार होती, थेट मोठ्या खिंडीच्या पलीकडे, आणि प्रत्येक शिक्षकाला घरातलं एक माणूस बरोबर नेता येणार होतं. आई म्हणाली, "मी कुठं थंडीत मरायला येऊ? पोरीला न्या." झालं, जागा माझी! दादा स्वतः नाशिकच्या पलीकडे कधी गेलेले नव्हते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मला वाटायचं, हिमालय यांच्या ओळखीचाच आहे, यांनी तर तो इतक्या वेळा काढलाय.

आणि घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात तशी दिवाळीनंतर नीलम आली. दादांचे धाकटे भाऊ अण्णाकाका तेल शोधणाऱ्या कंपनीत भूवैज्ञानिक होते. सगळी नोकरी डेहराडूनला गेली, निम्मं वर्ष डोंगरात तंबूत. त्यांची उरणला बदली झाली. उरणला शाळा धड नाही, असं काकूंचं मत पडलं, म्हणून लेकीला आमच्याकडे ठेवलं. शनिवारी उरण, सोमवारी परत. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात, आणि माझ्याच गोधडीत. वर दादांना हाक मारायची 'मोठेबाबा'! माझ्या बापाला मी दादा म्हणणार आणि ही बाबा म्हणणार, तेही मोठे. पहिल्याच दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने पिशवीतून एक काळा गोटा काढला आणि दादांच्या हातावर ठेवला. गोटा मधून फुटलेला होता आणि आत शंखासारखी वळी उमटलेली. "मोठेबाबा, तुमच्यासाठी. पप्पांनी हिमालयातून, स्पितीतून आणलाय. तिथे डोंगरावर असे खूप पडलेले असतात. समुद्रातला प्राणी आहे." दादांनी तो दगड खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, वळीवरून बोट फिरवलं. कपातला चहा निवून गेला, वर साय धरली. "डोंगरावर? किती उंचावर? वरती की उतारावर?" ते विचारत होते आणि ही शेंगा सोलता सोलता उत्तरं देत होती. मी खाणीच्या ढिगाऱ्यातून किती वेळा पांढरेशुभ्र स्फटिक शोधून आणले होते, गुडघे फोडून! "छान" म्हणून ते फळीवर गेले होते. पिकतं तिथे विकत नाही, हे मला त्या संध्याकाळी कुणी शिकवायला लागलं नाही.

मग परसातली परीक्षा आली. दादांनी भुवया वर करून विचारलं, "सांगा मुलींनो, हा समोरचा सह्याद्री कोणत्या प्रकारचा पर्वत?" मी तोंड उघडायच्या आत नीलम म्हणाली, "पर्वत नाहीच ना तो. पठाराची झिजून उरलेली कड आहे. पप्पा म्हणतात, खालून बघितलं तर डोंगर, वर चढून बघितलं तर सपाट." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं आता दादा तिला चांगलं झापतील. दादा टाळी वाजवून म्हणाले, "अगदी बरोबर!" म्हणजे यांना ठाऊक होतं? मग मला इतकी वर्षं डोंगर डोंगर का म्हणायला लावलं? मी तेवढ्या वेळात प्रबळगडाकडे बघितलं. तो तिथेच होता, पण तिने तो माझ्यादेखत कापून टाकला होता. अलीकडे विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला तेव्हा माझे जुने विद्यार्थी उघड्या पडलेल्या थरांचे फोटो मला पाठवायचे. मी थर नीट बघायची, उत्तरं लिहायची, आणि मला दर वेळी नीलमचं ते 'नाहीच ना तो' आठवायचं.

तेव्हापासून दादांनी माझी परीक्षा घेणं सोडलं नाही, पण तिची कधी घेतली नाही. तिला ते विचारायचे. यातला फरक मला बरोबर कळायचा. मला विचारताना त्यांना उत्तर माहीत असायचं. तिला विचारताना ते पुढे वाकायचे, मान थोडी तिरकी करायचे, आणि आवाज खाली यायचा. "बर्फ वितळलं की खालचा दगड कसा दिसतो गं? ओला असताना रंग बदलतो?" ही पोर सुद्धा कशी, तर तिला त्याचं काही वाटायचंच नाही. आपण कुठल्या गादीवर बसलोय याची तिला जाणीवच नव्हती. जाणीव असती तर मला निदान तिचा सरळ द्वेष तरी करता आला असता.

स्वयंपाकघरातही तेच. आमच्याकडे जन्मापासून तांदळाची भाकरी, भात, सुकट, वालाचं बिरडं. गहू आमच्या घरात श्राद्धाला आणि आजाऱ्याला. नीलम भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसायची, तो घशाखाली उतरायचा नाही. आईने तिच्यासाठी वेगळा डबा केला, त्यात कणीक आली. "बाय गं, तिला सवय नाय. पोर उपाशी राहील," आई मला समजवायची. आईच्या चपात्या वेड्यावाकड्या व्हायच्या आणि नीलम त्या सुकटीच्या चटणीबरोबर खाऊन म्हणायची, "मोठी आई, एक और." आई भाळायची. मला लहानपणी गोवर झाला होता तेव्हाही दुसरी चपाती मिळाली नव्हती.

शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. दादांना या वेळी साधा प्लास्टरचा हिमालय नको होता, हलणारा हवा होता. सुताराकडून लांबट पेटी करून घेतली. एका बाजूला काच, एक टोक पक्कं आणि दुसऱ्या टोकाची फळी पुढे ढकलता येईल अशी. आत रंगीत थर घालायचे, फळी ढकलायची, की थरांना घड्या पडून लोकांच्या डोळ्यांदेखत पर्वत वर उठणार. थर कशाचे करायचे? नीलम म्हणाली, "कणकेचे. घट्ट भिजवली की छान वाकते." एवढं ऐकायची खोटी, मी उसळले. तिच्या डब्यातल्या कणकेचा हिमालय? आमच्या घरात? मी म्हटलं, "आम्ही भाताची माणसं. आमचा हिमालय उकडीचा होणार." नीलम म्हणाली, "पण उकड सुकते ना गं." मी म्हटलं, "तुला भाकरी खाता येत नाही, तू मला उकड शिकवू नकोस!" दादांनी दोघींकडे बघितलं, आणि फार दिवसांनी माझ्या बाजूने निकाल दिला. "भारती म्हणते तसं करू." मला आभाळ ठेंगणं झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे उठून आईने आधण ठेवलं, मीठ टाकलं, तेलाचा थेंब टाकला, तांदळाचं पीठ घातलं, आणि आम्ही दोघींनी हात भाजत उकड मळली. खालचा सगळ्यात जुना थर कोळशाच्या पुडीचा काळा. त्यावर कोकमाच्या आगळाचा लालसर, मग पांढरा, आणि सगळ्यात वर हळदीचा पिवळा, तो समुद्राच्या तळाचा गाळ. त्यात नीलमने उरणजवळच्या मोऱ्याच्या किनाऱ्यावरून वेचलेले बारीक शिंपले दाबून बसवले. तेही सुंदर दिसले, हा आणखी एक वैताग. आईने बजावलं, "ओला फडका काढू नका. उकड हाय ती, वारा लागला की तडकली." मी फडकं पिळून वर घातलं आणि डोळ्यांत तेल घालून पेटीपाशी उभी राहिले. मुख्याध्यापक धावत आले, "पाहुणे साहेब दारात आलेत, फडकं काढा, रंग दिसू देत." फडकं निघालं. पाहुणे दारात आले होते ते खरं, पण दारात नारळ फोडणं, हार घालणं, स्वागतगीत, मग चहा-पोहे असं होत होत आमच्या टेबलापर्यंत यायला दुपार झाली. वर पंखा गरगर फिरतच होता.

दादा उभे राहिले. "साहेब, भारताचं भूखंड उत्तरेकडे सरकत आहे. मधल्या समुद्रातला गाळ चिरडला जात आहे. भारती, ढकल." मी फळीला जोर लावला. "आता पाहा, थरांना कशा अलगद घड्या पडतात." मी आणखी जोर लावला. कर्र करून आवाज झाला. पिवळ्या थराला तिरकी चीर गेली, ती खालपर्यंत गेली, आणि तळातला काळा तुकडा त्या चिरेवरून सरकत वर आला नि शिंपल्यांसकट पिवळ्या थराच्या डोक्यावर जाऊन बसला. साहेब म्हणाले, "अहो मास्तर, तुमचा हिमालय तुटला की हो!" सगळा हॉल खो खो हसला.

दादांचे कान लाल झाले. माझ्या जन्मात मी दादांना बोलता येत नाही असं पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, म्हटलं आता माझ्याकडे बघतील, रागाने का होईना. त्यांनी बघितलं ते नीलमकडे. आणि ती बया पुढे झाली. बोट काचेवर ठेवून म्हणाली, "सर, तुटतोच तो. नुसत्या घड्या पडून एवढा उंच होत नाही. दगड वाकतो तेवढा वाकतो, मग तुटतो, आणि खालचा जुना भाग वरच्या नव्या भागावर चढून बसतो. हिमालयात चालताना म्हणूनच गोंधळ होतो, जुना दगड वर नि नवा खाली. माझे पप्पा हेच शोधत फिरायचे. कणकेचा केला असता तर हे दिसलं नसतं. हा बरोबर झालाय." साहेबांनी चष्मा लावून वाकून बघितलं. "असं होय!" टाळ्या वाजल्या. पहिला नंबर आला. मी अजून फळी दाबूनच उभी होते. फजिती माझी, उकड माझी, आणि टाळ्या तिला! सगळे हसतच राहिले असते तरी परवडलं असतं. तिने मला वाचवलं, हे मला गिळवेना.

संध्याकाळी दादा जेवायला बसले ते तिच्याशीच बोलत. "आयुष्यभर फळ्यावर लाटा काढल्या मी. तुटण्याचं पुस्तकात एका ओळीत होतं. मी ती वाचायचो आणि पुढे जायचो." मग भात कालवता कालवता म्हणाले, "नीलम, मे महिन्यात तूच चल माझ्याबरोबर. तुझ्याशिवाय मला तिथलं काय कळणार?"

आईचा हात कालवणाच्या टोपात थांबला. "आन् भारतीचं काय?"

"भारतीला नेऊ की पुढं कवातरी."

मी ताटावरून उठले. परसात पाट्यापाशी गेले आणि खडेमीठ वाटायला लागले. मिठाची कुणाला काही गरज नव्हती. आतून आईचा आवाज येत होता, "पुतणीचं कवतिक करा, माझं काय नाय म्हणणं. पण पोटच्या पोरीच्या तोंडचा घास काढून नाय!" आई दादांवर सहसा आवाज चढवत नसे. दादा काहीतरी पुटपुटले. आणि मग नीलमचा आवाज आला, सुकट-चपातीचा घास तोंडात असतानाचा. "मोठेबाबा, मी नाही येणार. मला नको तो हिमालय. कित्ती बघितलाय. मला मेमध्ये पप्पांबरोबर मोऱ्याला जायचंय, होडीत बसायचंय. ते आता रोज घरी येतात. भारतीला न्या ना."

म्हणजे जागा मला मिळाली. कशी, तर तिला नको म्हणून. ताटात उष्टं वाढावं तशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'नको मला,' असं आत जाऊन ओरडावंसं वाटत होतं. पण मी मानी होते, वेडी नव्हते. मीठ वाटून झाल्यावर हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी आईकडून लोकरीचा स्वेटर मागून घेतला.

सहल निघाली. आईने डबे भरून दिले, तांदळाचे लाडू आणि सुकटीची चटणी. त्या चटणीच्या वासाने रेल्वेचा अर्धा डबा आमच्यापासून लांब बसला. मला त्याचं सुख होतं, दादा माझ्याजवळ एकटे सापडले. पण कुठले एकटे! प्रवासभर ती आमच्या मध्ये बसलेली होती. नदीतले गोटे दिसले, "नीलम म्हणाली होती, हे वरून वाहत येतात." देवदार दिसले, "नीलम म्हणाली होती, इथून पुढे झाडं संपतात." मी खिडकीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हटलंसुद्धा, "दादा, थंडी वाजते हेही नीलमनेच सांगितलं का?" ते हसले. मला हसायचं नव्हतं.

बर्फाने बंद असलेली खिंड नुकतीच उघडली होती. ती ओलांडून आमची बस पलीकडे उतरली आणि एका वळणावर थांबली. पुढे रस्त्यावर दरड आलेली, ती काढायचं काम चाललं होतं. शिक्षक मंडळी चिवडा काढून बसली. दादा खाली उतरले, मी मागोमाग. नदीच्या पलीकडे एक उघडा कडा उभा होता, झाड नाही, गवत नाही. त्यात काळे, करडे, पिवळट थर होते. पण आमच्या प्रबळगडासारखे आडवे शहाण्यासारखे बसलेले नव्हते. घाईत ट्रंकेत कोंबलेल्या लुगड्यासारखे ते वळले होते, दुमडले होते, वर जाऊन परत खाली आले होते, आणि मध्येच एका तिरक्या रेघेपाशी सगळे एकदम कापले गेले होते. रेघेच्या वर वेगळाच दगड. दादा हात खाली सोडून बघत राहिले. मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते, आमच्या बाह्या एकमेकींना लागत होत्या. मला वाटलं, हा क्षण तरी माझा.

दादा म्हणाले, "आत्ता ती पाहिजे होती."

माझा बांध फुटला. "मग तिलाच आणायची होती! मला कशाला आणलंत? फळा पुसायला? तिला विचारता आणि माझी परीक्षा घेता. तिने दगड दिला तर चहा विसरलात, मी दगड आणले ते फळीवर धूळ खात पडले. तिचं सगळं बरोबर, माझं फक्त शाब्बास! मीच काय वाईट केलंय तुमचं?" दरीत माझाच आवाज फिरून आला. बसच्या खिडक्यांतून चिवडा खाणारी तोंडं बाहेर आली. दादा शाळेत असते तर एका नजरेने त्यांनी मला गप्प केलं असतं. ते जवळच्या एका धोंड्यावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"भारती, तू लहान असल्यापासून सगळ्यांना सांगत फिरतेस, आमच्या दादांना सगळं येतं." ते कड्याकडे बघूनच बोलत होते. "नीलमला विचारताना माझं काही जात नाही. ती अण्णाची मुलगी. ती काही माझा फळा बघत मोठी झालेली नाही. तुला कसं विचारू? मला काही येत नाही, हे तुला कळलं असतं ना."

"काही येत नाही काय दादा?"

"अगं, मी असला डोंगर पाहिलाच नव्हता कधी. पुस्तकातला फळ्यावर काढत आलो. तो तुटला तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. मला तुझ्याकडे बघवेना."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. जास्तच जळायला लागलं. कारण आता मला कळलं होतं की नीलमने माझं काय नेलं. मला सगळं येणारे दादा मिळाले होते, आणि काहीच ठाऊक नसलेले, मान तिरकी करून ऐकणारे, आवाज खाली आणून विचारणारे जे दादा होते, ते सगळे महिने तिच्या वाट्याला गेले होते. तिला ते नकोही होते. दादा जाऊन किती वर्षं झाली, आणि अजून मला ते महिने परत हवे आहेत.

दादांनी हात वर केला. खडू धरल्यासारखा नाही, साधा, पंजा उघडा. "तो पिवळट थर बघ. तिथून वर गेला, वळला, आणि मग कुठे गेला?"

मी भुवया वर जायची वाट बघत राहिले. 'सांग' म्हणायची वाट बघत राहिले. ते नुसते माझ्याकडे बघत होते, मान जरा तिरकी करून.

"मला नाही माहीत दादा," मी म्हटलं. बापाला असं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं.

"मनापन नाय ठाव गं," दादा म्हणाले. ही बोली त्यांनी आईसाठी आणि अण्णाकाकांसाठी राखलेली होती, माझ्याशी ते कायम शाळेतलंच बोलत आलेले. "चल, खाली उतरून बघू."

आम्ही नदीच्या काठापर्यंत उतरलो. त्यांना उतारावर चालायची सवय नव्हती. मी पुढे, ते माझ्या खांद्याला धरून मागे. खालून थर आणखी वेगळाच दिसायला लागला. मला वाटलं तो त्या तिरक्या रेघेच्या मागून परत वर आलाय. दादांना वाटलं तो तिथेच संपलाय. मी म्हटलं, तुम्ही चुकताय. ते म्हणाले, असेल, दाखव कुठे. आम्ही हातवारे करून भांडत होतो, एवढ्यात वरून बसचा हॉर्न वाजला. दरड निघाली होती. ड्रायव्हर दारातून लटकून ओरडत होता, "मास्टरजी, चलो चलो, रास्ता खुल गया!"

दादांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कड्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्याला सांग, थांब जरा. आमाला दोघांना अजून कळलेलं नाय."

मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "रुको भैया! हम दोनों को अभी समझा नहीं!"